साक्षीची काडी

आमच्या घरात आजवर लिहिलं गेलेलं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे वडिलांचा रजेचा अर्ज, आणि तोही शेजारच्या कारकुनाने लिहून दिलेला. वडील नाशिकरोडच्या मालधक्क्यावर कामाला आहेत. अशा घरातल्या मुलाने एका माणसावर पानंच्या पानं लिहायला बसावं, हे माझं मलाच धिटाईचं वाटतं. कुठे भाषा चुकली, कुठे जास्त बोललो, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझी खरी अडचण मात्र भाषेची नाही. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्या पुंजानानांचा पितळी बिल्ला गेला, आणि तो माझ्यामुळे गेला. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं की नव्हतं, या एका प्रश्नावर माझी तीन वर्षं गेली. ज्याने त्या माणसाचं नुकसान केलं त्यानेच त्याचं चित्र काढावं, हे बरं दिसत नाही. पण दुसरं कुणी काढेल असंही दिसत नाही.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमचे प्राणिशास्त्राचे सर स्वतः मासेमारीचे शौकीन. त्यांनी आम्हा चौघांना एका रविवारी देवळाली कॅम्पाच्या पलीकडे दारणेच्या काठी नेलं आणि म्हणाले, "पुस्तकातला मासा पुरे झाला. हे पुंजानाना. हे सांगतील तसं करायचं. मी मध्ये बोलणार नाही."

समोर साठीच्या आसपासचा एक काटकुळा माणूस उभा होता. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात खाकी सदरा, डोक्याला उपरणं आणि त्या उपरण्यावर कुणा गोऱ्या साहेबाची जुनी फेल्टची हॅट. सदऱ्याच्या खिशावर पितळी बिल्ला. बिल्ला चिंचेने घासलेला, लखलखीत. कॅम्पात छडीने मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा एक छोटा क्लब होता. लष्करातले अधिकारी, देवळालीला हवा खायला आलेले मुंबईचे पारशी, कधी कुणी परदेशी पाहुणा, असे लोक तिथे यायचे. त्यांना नदीवर न्यायचं, जागा दाखवायची, नवख्यांना छडी धरायला शिकवायचं आणि सगळ्यांना सुखरूप परत आणायचं, हे नानांचं काम. हे काम करणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून बिल्ल्यावर आकडा होता एक.

नानांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"पव्हता येतं का?"

तिघे नाही म्हणाले. मला लाज वाटली म्हणून मी म्हणालो, "थोडं थोडं."

"थोडं म्हंजी किती?"

"म्हणजे... कमरेएवढ्या पाण्यात."

"मंग बुडायपुरतं येतं," नाना म्हणाले. "तिघं पोरं शहाणी हायेत. तुझ्यावर नजर ठिवाया लागंल."

सगळे हसले. मीही हसलो. पण नानांनी ती नजर खरोखरच ठेवली. त्यानंतर दीड वर्षांत मी नदीवर जितके रविवार गेलो, तितके रविवार मला पाठीवर ती जाणवायची.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला छडीला हातसुद्धा लावू दिला नाही. तासभर मांडी घालून नुसतं बसवलं. "आधी पान्याला तुमची तोंडं पाहू द्या. वळख नाय पाळख नाय, आन् घातला गळ. तुमच्या घरी आसं कुनी आलं तर?" सर खरंच मध्ये बोलले नाहीत. तेही आमच्याबरोबर मांडी घालून बसले.

नानांच्या सवयींबद्दल लिहायचं तर पहिली सवय मोजण्याची. ते सतत माणसं मोजत. बोलता बोलता, कणकेची गोळी वळता वळता, त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत असायचा. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन. कॅम्पातले तरुण अधिकारी त्यांची थट्टा करायचे. "नाना, जप चल रहा है?" नाना म्हणायचे, "जी साब. आपकेच नाव का." त्यांची ही हिंदी कॅम्पातली होती. मासा लागला की "टाईट, साब, टाईट! आता लूज! लूज बोला ना मैं!" असं ते ओरडायचे, आणि पाहुणा कर्नल असो की कॉलेजचा पोरगा, त्या आवाजापुढे सगळे सारखे.

दुसरी सवय अशी की मासा हातात येईपर्यंत ते त्याचं नाव घेत नसत. पाण्यात असतो तोवर तो "पाहुना". काठावर आला की मग तो मरळ, शिंगाडा, वाम, किंवा ज्याला साहेब लोक महसीर म्हणत तो खडशी.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. दुसऱ्याच्या छडीला ते कधीच हात लावत नसत. गळ दगडात अडकला, तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचा, गुंता झाला, मासा तोडून पळाला, काहीही होवो. ते शेजारी उकिडवे बसून सांगत राहायचे, पण हात स्वतःच्या गुडघ्यांवर. "ज्याचा गळ त्यानंच काढायचा. मी काढला तर तुला काय, जलमभर मीच पुरनार हाय का?"

एकदा मुंबईचे एक म्हातारे पारशी गृहस्थ आले होते. दोन दिवस त्यांना काही लागलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ते घडीच्या खुर्चीत छडी हातात धरून झोपी गेले. आणि नेमका तेव्हाच पाहुणा आला. छडी वाकली. रीळ करकरायला लागलं. मी धावत जाऊन छडी धरणार, तेवढ्यात नानांनी माझं मनगट पकडलं. "हात नाय लावायचा." मग ते म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून ओरडले, "बावाजी! घर में पाहुना आया!" बावाजी दचकून उठले, "कोण? कोण आयवो?" म्हणत दाराकडे बघावं तसं मागे बघायला लागले, आणि त्या गडबडीत मासा गेला.

मला वाटलं, आता शिव्या पडणार. पडल्याही, पाचेक मिनिटं, अस्सल गुजराती. नाना मान खाली घालून ऐकत राहिले. मग बावाजींनाच हसू फुटलं. हसता हसता त्यांचा चष्मा पडला. जाताना म्हणाले, "पूंजा, तू पकडला असता ना, तर तो तुझा मासा झाला असता. आता सुटला, पण माझा सुटला." पुढे वर्षभर त्यांची पोस्टकार्डं यायची. नानांना वाचता येत नव्हतं, ती मी वाचून दाखवायचो. प्रत्येक कार्डात शेवटी एकच प्रश्न असायचा, माझा पाहुणा बरा आहे का?

पोस्टकार्डं वाचायचो आणि नेहमी वही जवळ बाळगायचो, म्हणून नाना मला "मास्तर" म्हणायला लागले. घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलाला ही हाक किती गोड लागते, हे मी लपवत नाही. त्या वहीचा मला फार अभिमान होता. माशांची नावं, आमिषांचे प्रकार, नानांची वाक्यं, सगळं मी लिहून ठेवायचो.

तिथेच माझी चूक झाली.

नदीवर पोचलं की नाना निर्गुडीच्या झुडपातून काड्या तोडत. वरच्या बाजूला दोन फाटे असलेल्या, आम्ही ज्याला बेचकी म्हणतो तशा. त्या मातीत रोवून त्यांच्यावर छड्या टेकवायच्या. पण आणखी एक तशीच काडी ते अगदी पाण्याच्या कडेला, एकटीच रोवत. तिच्यावर नखाने दोन खाचा करत. तिच्यावर छडी कधी नसायची. एकदा मी विचारलं, "नाना, ही कशाला?"

"ती साक्ष हाय," ते म्हणाले. "साक्ष उभी हाय तवर आपुन पान्यात. साक्षीबिगर दारणामाय कुनाला सोडीत नाय."

एवढं बोलून ते उठले. मी वही काढली आणि 'लोकसमजुती' अशा मथळ्याखाली लिहिलं : मासेमारीपूर्वी नदीला साक्षी ठेवून काडी रोवण्याची प्रथा. ते पान मी वर्गातल्या मुलांना कौतुकाने दाखवलंही होतं. शिकलेल्या माणसाने अडाणी माणसाच्या भाबडेपणाकडे जसं मायेने बघावं तसा मी त्या काडीकडे बघत होतो. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

ती काडी म्हणजे पाणी मोजायचं माप होतं. दारणेच्या वर धरण आहे. हिवाळ्यात, उन्हाळ्यात खालच्या शेतीसाठी धरणातून पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. तारीख गावच्या चावडीवर लागते, पण ते पाणी चालत चालत आपल्या डोहाशी कोणत्या तासाला पोचेल, हे कुणी सांगू शकत नाही. वर आभाळ निरभ्र, ऊन स्वच्छ, आणि नदी मात्र आवाज न करता चढत जाते. नव्या पाण्याला मासा उठतो, म्हणून छडीवाल्यांना तोच दिवस हवा असतो. नानांचं सगळं कसब त्या अर्ध्या तासात होतं. पहिली खाच भिजली की मासा लागायला लागतो. दुसरी खाच भिजली की शिट्टी, आणि सगळे बाहेर. हे ते पाहुण्यांना सांगत नसत, कारण त्यांचं म्हणणं, भ्यालेला माणूस घसरतो. स्वतः मात्र बोटांवर माणसं मोजत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या काडीकडे बघत राहत. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा माझ्या वहीत ती प्रथा होती.

तो फेब्रुवारीतला रविवार होता. कॅम्पातले एक मेजरसाहेब आले होते, सोबत लखनौहून आलेले त्यांचे सासरे. सासरे सत्तरीचे, अतिशय सभ्य, आयुष्यात पहिल्यांदा छडी धरलेले. नदीच्या मध्याला एक रुंद कातळ आहे. घोट्याएवढ्या पाण्यातून, दगडांवर पाय देत तिथे जाता येतं. नानांनी म्हाताऱ्यांचा हात धरून त्यांना त्या कातळावर नेऊन बसवलं. बूट भिजू नयेत म्हणून म्हाताऱ्यांनी ते काढून कातळाच्या कडेला जोडीने नीट ठेवले. मग नाना काठावर आले, साक्ष रोवली, आणि वर वीस-पंचवीस पावलांवर मेजरसाहेबांपाशी गेले. त्यांचा गळ खडकात अडकला होता.

मी काठावर माझी बांबूची छडी घेऊन बसलो होतो. माझी बेचकी मोडली होती आणि छडी सारखी घसरत होती. पाण्याच्या कडेला ती काडी उभी दिसली. माझ्या मनात आलं ते अगदी शब्दशः आठवतं : नदीची साक्षच ना, दोन हात वर रोवली तरी तीच साक्ष. मी ती उपटली, माझ्या जागेशी, कोरड्या मातीत रोवली आणि छडी तिच्यावर टेकवली.

वरून नानांना झुडपांवर तिचे फक्त दोन फाटे दिसत होते. उभे आणि कोरडे. त्यांनी दोनदा तिकडे पाहिलेलं मी स्वतः पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा मेजरसाहेबांकडे वळले.

पाणी कधी चढलं ते मला कळलंच नाही. माझं लक्ष तरंगणाऱ्या बुचाकडे. मग कातळावरून म्हाताऱ्यांचा शांत आवाज आला, "अरे भई, मेरे जूते जा रहे हैं." दोन्ही बूट जोडीनेच तरंगत चालले होते. वाटेचे दगड दिसेनासे झाले होते, आणि त्या काडीचा अर्थ मला तेव्हा कळला.

नानांची शिट्टी मी इतकी लांब कधी ऐकली नव्हती. "साब, बैठो! हिलो मत! बैठो!" असं ओरडत ते धावले. पण म्हातारे घाबरून उठले, ज्या वाटेने आले तिथेच पाय टाकायला गेले आणि पडले. नाना पाण्यात गेले. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मी उभा होतो आणि मला कमरेएवढ्या पाण्यात थोडं थोडं पोहता येत होतं. नानांनी त्यांना कॉलरला धरून खाली वळणावर बाहेर काढलं. म्हाताऱ्यांचा पाय मोडला होता. नानांचा उजवा खांदा खडकावर आपटून निखळला होता.

या गडबडीत मी एक गोष्ट केली. माझी छडी उचलली, ती काडी उपटली आणि पायाने पाण्यात लोटली. कुणी सांगितलं नव्हतं, विचारही केला नव्हता. पायाने आपणहून केलं म्हणावं, तर पाय माझाच होता.

नाना वर आले ते लटकणारा हात दुसऱ्या हाताने धरून. आधी त्यांनी डाव्या हाताच्या पेरांवर माणसं मोजली. मेजरसाहेब, म्हातारे, मी, स्वतः. चार. मग पाण्याकडे पाहून म्हणाले, "साक्ष कुठाय?"

त्यांची नजर काठावरून फिरत माझ्या बसायच्या जागेवर आली. तिथे कोरड्या मातीत बोटाएवढं ताजं भोक होतं. मला वाटतं त्यांनी ते पाहिलं. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांचा ओला पाय नेमका त्या भोकावर पडला. मुद्दाम पडला की चालता चालता पडला? या प्रश्नाने पुढे मला कितीदा झोपेतून उठवलं आहे.

आठ दिवसांनी क्लबच्या व्हरांड्यात चौकशी झाली. मेजरसाहेब चांगले होते. या माणसाने जीव वाचवला, असंच ते सांगत होते. पण सेक्रेटरी म्हणाले, पाहुण्याला मध्यभागी बसवून पाण्यावर लक्ष नव्हतं, ही चूक लहान नाही. मग नानांना विचारलं, "तुम्ही म्हणता तुमची काहीतरी खुणेची काडी असते. त्या दिवशी होती?"

"व्हती," नाना म्हणाले. "पान्यानं नेली."

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "तू तिथे होतास. काडी होती?"

पायाखाली लाल फरशी होती. तिच्या एका चौकोनाला तडा गेला होता. त्या तड्याकडे बघत मी म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सेक्रेटरींनी बिल्ला मागितला. नाना डाव्या हाताने तो काढायला लागले, पण मागची पिन निघेना. उजवा हात गळ्यात बांधलेला. सगळे थांबून राहिले. शेवटी नाना म्हणाले, "मास्तर, जरा काढ रं. माझा हात चालंना."

मी काढला. पिन गंजली नव्हती, घट्ट होती. नानांचा श्वास माझ्या कपाळावर लागत होता. त्याला तंबाखूचा वास होता. सदऱ्यावर बिल्ल्याच्या जागी गोल, गडद खाकी डाग उरला. इतकी वर्षं तिथे ऊन लागलं नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. सायकलवर वाटभर वाक्यं घोकली होती. नाना ओट्यावर बसून डाव्या हाताने जाळं विणायचा प्रयत्न करत होते. आता क्लबचे पाहुणे नव्हते, म्हणून पोटासाठी पुन्हा पहिल्यासारखं जाळं.

"ये मास्तर. परीक्षा कधी?"

"पुढच्या महिन्यात."

मग मीच विचारलं, "खांदा बरा आहे का?"

"हाय त्यो. आभाळ भरलं की बोलतो." मग त्यांनी सुई खाली ठेवली. "काय सांगाया आल्ता का?"

मी म्हणालो, "नाही. सहज."

ते थांबले. नदीवर बसून नवख्याच्या वाकलेल्या छडीकडे बघताना जसे हात गुडघ्यांवर ठेवून थांबायचे, तसेच. मग पुन्हा एकदा विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"बरं." ते आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी घेऊन आले. आत खडशीचे खवले होते, धुऊन सुकवलेले, रुपयाएवढे. सरांनी सांगितलं होतं की सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यावरची वर्तुळं मोजली की माशाचं वय कळतं, आणि मला प्रात्यक्षिकासाठी मोठे खवले मिळत नव्हते. हे मी कधीतरी बोलून गेलो होतो. मी परीक्षेत तेच खवले लावले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "कुठून मिळवले?" मी म्हणालो, "सर, एक ओळखीचे आहेत." त्या प्रात्यक्षिकात मी वर्गात पहिला आलो.

क्लबने पुढे नवा माणूस नेमला. मला दारणेवर जायचं धैर्य झालं नाही. नाना मुलीकडे पेठ बाजूच्या एका गावी राहायला चालले आहेत, असं सरांकडून ऐकलं. आणि पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी नाशिकच्या एस.टी. स्टँडवर मला ते अचानक दिसले. मी कॉलेजच्या बसमध्ये, ते पेठच्या गाडीत खिडकीशी. डोक्यावर तीच हॅट. मांडीवर वळकटी आणि खिडकीतून बाहेर काढलेला बांबू. मी उतरायला उठलो. खरंच उठलो होतो. पण आमची गाडी हलली, कंडक्टर म्हणाला, "बसा ओ, पुढं उतरा," आणि मी बसलो. मागे वळून पाहिलं तेव्हा नाना गाडीतल्या माणसांकडे बघत होते आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता.

मी त्यांना पत्र लिहिलं नाही असं नाही. चार पत्रं लिहिली. पण त्यांना वाचता येत नव्हतं. पत्र दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवणार, आणि ते त्या दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना नानांचा चेहरा कसा होईल, हे डोळ्यांसमोर आलं की मी पत्र फाडायचो. ही सबब होती हे मला कळत होतं. पेठला दिवसातून गाड्या किती जातात हेही मला पाठ होतं.

आता मी एम.एस्सी.ला आहे. यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला पेठ तालुक्यातला एक मुलगा आला, काशिनाथ. अबोल, माझ्यासारखाच घरातला पहिला. गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही काहीजण सोमेश्वरच्या पुढे गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी गेलो होतो. काशिनाथने पिशवीतून तंगूस आणि गळ काढला. मग उठून एक काडी तोडली, साल सोलून पांढरी केली, नखाने तिच्यावर दोन खाचा पाडल्या आणि पाण्याच्या कडेला रोवली.

मी विचारलं, "हे काय रे?"

"ही साक्ष हाय, दादा. पाणी चढला का कळतो."

"कुणी शिकवलं?"

"आमचे गावात एक म्हातारा होता. दारणेकडला. त्यांनीच सगळे पोरांना शिकवला. त्यांची टोपी अशी साहेबाची होती."

काडीकडे पाहताना मला काहीतरी वेगळं वाटत होतं, आणि मग लक्षात आलं. ती सरळ होती. फाटे नव्हते. मी म्हणालो, "बेचकी नाही घेतलीस?"

काशिनाथ हसला. "नाय नाय. बेचकी घेतली का म्हातारा फेकून द्यायचा. आम्ही विचारला, का? तर म्हणला, साक्ष सरळच पाहिजे. फाटे असले म्हंजी एखादं शिकलेलं पोर छडी टेकवाया उपटतं. त्याचा काय दोस नाय, त्याला सांगितलेलंच नसतं. पण मंग त्याला जलमभर झोप येत नाय."

नदी समोरून चालली होती. खाच अजून कोरडी होती. मी म्हणालो, "काशिनाथ, पुढच्या रविवारी मला तुझ्या गावी नेशील? मला त्यांना भेटायचंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "दादा, ते गेले ना. आखाजीच्या सणाला. सकाळी नदीवर जाऊन आले, ओट्यावर बसले, आन् तसेच गेले." मग त्याने विचारलं, "तुमी वळखत होते का त्यांना?"

"हो," मी म्हणालो. "ती काडी मी उपटली होती."